भंडाऱ्याची आण आणि एक उंदीर

बायको जाऊन आता दुसरा उन्हाळा. दुपारी बाजेवर पडलो की डोळा लागतो न लागतो, तोच पांढरे उंदीर दिसतात. फुटलेल्या कापसासारखे, वावरभर. ती त्यांच्यामधून वेचणी करत चालल्यासारखी चालती, पण एकालाबी हात लावत न्हाई. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. स्वप्नाचा अर्थ मला लावता येत न्हाई. घडलं तेवढं लिहितो.

तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. बदनापूरहून रेल्वेनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचो. डॉक्टरीणबाई आमच्या नातीच्या वयाची. तिनं गोळ्या लिहून दिल्या. बायको जन्माची संशयी. तिनं विचारलं, ही गोळी आधी कोणी खाऊन पाह्यली? बाई म्हणाली, उंदरांनी. मंग नीट समजावून सांगितलं. उंदरं अशी वाढवतात की त्यांच्या अंगात रोगाशी भांडायची ताकदच नसती. त्यांच्यात माणसाच्या आजारी रक्तातल्या पेशी सोडतात. माणसाचा रोग उंदराला होतो, आणि मंग त्याला औषध देऊन बघतात.

मला ते बराबर कळलं. शेतीच्या संशोधन केंद्रावर मी वीस वर्षं रोजानं होतो. तिथं एक तुकडा मुद्दाम आजारी ठेवलेला असायचा. तुरीचा मर रोग त्या मातीत जपायचा आणि त्यात नवी नवी तूर पेरायची. जी उभी राहील तिचं बी पुढं चालायचं. बाकीची वाळायची, ती आम्ही उपटून काढायचो. मी बायकोला हळूच म्हणालो, तसलंच आहे बघ हे. तिचं ध्यान माझ्याकडं नव्हतं.

"मंग जी उंदरं बरी होतात, त्यांचं काय करता?" तिनं बाईला विचारलं.

बाईनं पेन खाली ठेवलं. खरं तेच सांगितलं. शेवटी त्यांनाबी मारावं लागतं, आत काय फरक पडला ते बघायला.

येताना ती रेल्वेच्या खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं, बाभळी मागं मागं जात होत्या. मला वाटलं झोपली, पण डोळे उघडे होते. घरी आली, गोळी तळहातावर घेतली आणि म्हणाली, या घरात यापुढं उंदीर मरणार नसंल तरच ही पोटात जाईल. मी म्हणालो, येडी झालीस का, ज्वारी काय त्यांच्या नावानं भरून ठेवली? तिनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी माझ्यापुढं धरली. आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत न्हाईत. मोडला तर ज्याच्यासाठी उचलला त्यालाच बाधतो. मी हळद चिमटीत धरून कबूल झालो. तिनं गोळी गिळली.

गोळी लागू पडली. तोंडावर रंग आला, भाकरी गोड लागायला लागली. पिंजऱ्यात उंदीर आला की मी पिंजरा सायकलला अडकवून ओढ्यापलीकडं सोडून यायचो. पारावरची माणसं म्हणायची, निघाला म्हातारा पाव्हणे पोचवायला. मी शिव्या देत पुढं जायचो.

मंग एका उंदरानं तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी कुरतडली. तो पिंजऱ्यात घावला तवा माझं डोकं फिरलं. ती अंगणात लिंबाखाली निजल्ती. मी पिंजरा तसाच पाण्याच्या हौदात बुडवला आणि बुडबुडे थांबेस्तोवर हात काढला न्हाई. उंदीर उकिरड्यावर फेकला. तिला सांगितलं, सोडून आलो.

दोन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट बिघडला. गोळी चालंना.

दवाखान्यात, तिच्यादेखत, माझ्या तोंडातून निघूनच गेलं. "बाई, मी एक उंदीर मारला. भंडारा उचलल्ता तरी मारला. म्हून झालं का हे?"

बाई हसली न्हाई. म्हणाली, "बाबा, उंदरांमध्येही असंच होतं. काही दिवस औषध चालतं, मग रोग त्याला चुकवायला शिकतो. त्या उंदरांनी कुठं कोणाची शपथ मोडली होती?" आता दुसरं औषध आहे, सोमवारी या, म्हणाली.

घरी आलो तवा दिवस मावळायला आल्ता. बायकोनं विचारलं,

"कुठं टाकला?"

"उकिरड्यावर."

"पुरायचा तरी व्हता."

तिनं भिंतीला टेकवलेलं फावडं माझ्याकडं सरकवलं. मी उकरायला लागलो. त्यातलं अर्धं खत वावरात जाऊनबी झाल्तं. काय सापडणार न्हाई, हे दोघांलाबी म्हाईत. ती दगडावर पदर घेऊन बसली आणि बघत राह्यली. खतातून वाफ निघून राह्यली होती. त्या वाफंत, त्या मावळत्या उजेडात ती मला लांबची वाटली, ओढ्यापलीकडची. मी उकरत राह्यलो. थांबलो तर ती उठून जाईल अशी भीती वाटली.

"बास करा आता," ती म्हणाली. "घाम पुसा."

मी फावडं टेकवलं.

"सोमवारी म्हणली का ती?"

"सोमवारी."

"मंग त्या दिवशी जल्दी उठवा मला. केस धुवायचेत." म्हणाली, आणि माझ्या खांद्याला धरून उठली.