कच्च्या पिळाचा टॉवेल

परळच्या त्या चाळीत कुणाचं लग्न ठरलं की लोक मांडववाल्याच्या आधी कुशाबाला गाठायचे. चादरी, अभ्रे, टॉवेल घ्यायचे म्हणजे कुशाबा बरोबर हवाच. गडी मिसरूड फुटायच्या आत गिरणीच्या रिंगखात्यात, म्हणजे जिथं कापसाचं सूत निघतं तिथं, चिकटला होता आणि आता त्याची कानशिलं पांढरी झाली होती. कुशाबाला सुतातलं कळतं असं लोक म्हणत; तो स्वतः त्याहून मोठं बोलायचा. विनय त्याच्या वाटणीला आलाच नव्हता आणि त्यावाचून त्याचं कधी अडलंही नव्हतं.

दुकानात शिरला की तो आधी कापड उलटं करायचा. "फुलं बघायची तर राणीच्या बागेत जावा. हितं सूत बघा!" मग चादर दोन मुठींत धरून खसाखसा चोळायचा. पांढरी भुकटी पडली की दुकानदाराकडे बघून हसायचा. "ही खळ. पहिल्या धुण्यात गटारात जाणार आणि तुमच्या हातात जाळं राहणार." मग कापड उजेडासमोर धरून वीण सारखी आहे का ते बघायचा. शेवटी कडेचा एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडायचा आणि सुटे झालेले तंतू अंगठ्याच्या नखावर ठेवायचा. तंतू नखाबाहेर चांगले लांब गेले तर कापूस खानदानी. नखातच संपले तर ती चादर चार धुण्यांत गोळे धरणार. आणि या सगळ्यावर त्याचा एक ठेवणीतला शिक्का होता, पीळ घट्ट तर सूत पक्कं.

त्याने पसंत केलेल्या चादरीवर लहानाची मोठी झालेली पोरं आता स्वतःच्या लग्नाला त्याला न्यायला येत होती. मग माणसाने तोरा का करू नये?

त्याची एकुलती एक मुलगी सुनेत्रा. नायगावच्या बालवाडीत शिकवायची. तिचं लग्न वडाळ्याच्या एका रेल्वेतल्या मुलाशी ठरलं, तेव्हा खरेदीची चर्चा झालीच नाही. ती कुशाबाच करणार हे मांजरालासुद्धा ठाऊक होतं. सुनेत्राने एवढंच सांगितलं की तिला दादरच्या हेरंबशेठकडे आलेलं नवं डिझाइन हवं आहे. चादर, अभ्रे आणि टॉवेल एकाच नक्षीचे, निळ्या काठावर पांढरी कमळं. नव्या घरात तिचं स्वतःचं असं तेवढंच असणार होतं.

चादर कुशाबाच्या सगळ्या परीक्षांतून पार झाली. टॉवेलाशी गाडं अडलं. सुनेत्राने तो गालाला लावला. "आबा, हात तरी लावा. किती मऊ आहे!"

कुशाबाने टॉवेलाच्या अंगावरची लव चिमटीत धरली आणि एक धागा ओढला. बोटांनी जरा फिरवल्याबरोबर त्याचा पीळ मोकळा झाला. "ह्याला सूत म्हणत्यात? कापूस गुंडाळलाय नुसता! रिंगखात्यात असलं सूत निघालं तर वरचा जॉबर गचांडी धरून भाईर काढील."

"कुशाबा, टॉवेलाचं जरा वेगळं असतं," हेरंबशेठ म्हणाले.

"सूत ते सूत, शेठ."

दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. त्यांनी दुसरे टॉवेल काढले, तांबड्या पट्ट्यांचे. धागा असा घट्ट की नखाने पीळ सुटेना. कुशाबाने तेच बांधून घेतले. घरी येईपर्यंत बसमध्ये सुनेत्रा खिडकीबाहेर बघत राहिली.

राधाबाईने, म्हणजे कुशाबाच्या बायकोने, टॉवेल धुऊन वाळवले आणि न्हाल्यावर एक केसांना गुंडाळला. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती पाठीवरून पाणी ठिबकतच. "अहो, ह्यो टॉवेल पाणी पुसत न्हाई. नुसतं हिकडचं तिकडं करतोय."

"नवा हाय. खळ जायची असंल."

खळ काढायला तिने ते पुन्हा उकळत्या पाण्यात घातले, सोडा टाकून आपटले. टॉवेल होते तसेच राहिले. शेवटी कुशाबा स्वतः मोरीतून तो अंगाला घासत बाहेर आला, आणि लाल झालेल्या पाठीवर पाणी मात्र तसंच. "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई," राधाबाई त्याच्याकडेच बघत म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

सुनेत्राने त्याला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने साधंच विचारलं, "आबा, टॉवेल विणताना तुम्ही कधी बघितलाय का?"

कुशाबाने टॉवेल दांडीवर टाकला. नव्हता बघितला. उभा जन्म गिरणीत गेला, पण भिंतीपलीकडच्या साचेखात्यात, जिथं माग चालतात तिथं, त्याने पाऊल टाकलं नव्हतं. मागाच्या धोट्यात, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून ओठांनी ओढून घ्यावं लागतं. एका पाळीचे ओठ जिथं लागले, तिथंच दुसऱ्या पाळीचे लागणार. तिथं महाराचे ओठ नकोत, म्हणून साचेखात्यात महार नको. कुशाबाच्या घराने दोन वर्षांमागे दीक्षा घेतली, बौद्ध झालं. साचेखात्याच्या दाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ही गोष्ट कुशाबा चुकूनही बोलत नसे. आज मात्र त्याला भयंकर राग आला. दुसऱ्यांनी अडवलेल्या दाराची शिक्षा त्याने आपल्या पोरीला दिली होती, आणि वर छाती फुगवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्याने गिरणीच्या फाटकाशी शामरावला गाठलं. शामराव साताऱ्याकडचा मराठा, साचेखात्यातला जुना विणकर. दोघांची दोस्ती संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातली. फ्लोरा फाउंटनला अश्रुधूर सुटला आणि शामराव डोळे धरून खाली बसला, तेव्हा कुशाबाने आपला पंचा भिजवून त्याच्या तोंडावर दाबून धरला होता आणि त्याला ओढत गल्लीत नेलं होतं. त्यानंतर सभा, मोर्चे, चहा, सगळं बरोबर. फक्त गिरणीत शिरलं की एक इकडे आणि एक तिकडे.

"शाम्या, टॉवेलात दोन सुतं असत्यात का रं?"

शामराव हसला. "आरं, एवढं तुला..." आणि मधेच थांबला. कुशाबाला ते का ठाऊक नसेल, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. मग म्हणाला, "उद्या जेवणाच्या सुट्टीत खात्यात ये. मी दाराशी हाय."

"बघ हां. बोंब होईल."

"होऊ दे की. मुंबई मिळवायला निघालोय, एक दार मिळंना व्हय आपल्याला?"

कुशाबा गेला. चाल त्याने नेहमीचीच ठेवली. माग थांबले होते. डबे उघडून बसलेल्या विणकरांच्या माना वळल्या. शामरावने त्याला टॉवेलाच्या मागापाशी नेलं आणि वरच्या रुळावरचा एक धागा त्याच्या हातात दिला. "ह्यो पोटातला. घट्ट पिळाचा. ह्यानं टॉवेल टिकतो." मग दुसऱ्या रुळावरचा दिला. "ही लव. ह्ये सूत दुसऱ्या गिरणीतनं येतं, पीळ मुद्दाम कच्चा. घट्ट पिळाला पाण्याला जागाच न्हाई, मग पिणार कसा त्यो?"

कुशाबाने दोन्ही धागे उलगडले. लवेचे तंतू नखाबाहेर चांगले लांब गेले. कापूस खानदानी होता, फक्त पीळ त्याच्या ओळखीचा नव्हता. सुनेत्राच्या गालाला जे कळलं ते त्याच्या बोटांना कळलं नव्हतं. "च्यायला," तो म्हणाला, "बरोबर हाय की!"

शामरावने धोटा उचलला, त्यात नवी कांडी बसवली आणि तो कुशाबापुढे धरला. "वढ."

कुशाबाने एकदा सगळ्यांकडे बघितलं, धोटा तोंडाला लावला आणि श्वास आत ओढला. धागा सर्रकन आला, पाठोपाठ कापसाची पूड घशात गेली आणि तो खोकू लागला. कुणीतरी हसलं. एकाने आपला डबा उचलला आणि पलीकडे जाऊन बसला. शामरावने त्या उठून गेलेल्याकडे बघत ओढलेला धागा तोडून टाकला आणि धोटा न पुसता, तिथंच ओठ लावून पुन्हा ओढला.

"आता हिथलं सूत तुलाबी कळतं आन् मलाबी," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी कुशाबा सुनेत्राला घेऊन दादरला गेला. हेरंबशेठपुढे त्याने भीडभाड न ठेवता सांगितलं, "त्या दिवशी मी चुकलो. पोरगी बरूबर होती. कमळाचे काढा." मग टॉवेलाच्या पोटातला धागा ओढला, लवेचा ओढला, दोन्ही नखावर ठेवून सुनेत्राला दाखवले. शेजारी एक बाई मुकाट टॉवेल चाचपत होती. तिलाही त्याने सोडलं नाही. "बाई, टॉवेलाचे दोन धागे बघायचे. एक बघून फसू नका." तोरा आधी होता तसाच होता, उलट थोडा वाढलाच होता.

"हे कुणी शिकवलं, आबा?" सुनेत्राने विचारलं.

"आमच्या साचेखात्यानं," कुशाबा म्हणाला. 'आमच्या' हा शब्द त्याच्या तोंडून सहज गेला. त्याने गठ्ठा उगीचच सोडून पुन्हा बांधला.

लग्नाला शामराव बायकोसकट आला आणि पंगतीत पोटभर जेवला. हात धुऊन उठला तेव्हा सुनेत्राने कमळाच्या टॉवेलांतला एक त्याच्यापुढे केला. सगळ्या मांडवादेखत त्याने हात पुसले, तोंड पुसलं, आणि टॉवेल जरा वेळ तोंडावरच धरून ठेवला.

"काय रं, पितो का पाणी?" कुशाबाने विचारलं.

"पितो की," शामराव टॉवेलामागूनच म्हणाला. "पर तुझ्या त्या पंच्याची सर न्हाई."