नहरीच्या रेषेतले गोल

“मॅडम, ही तुटक रेषा म्हणजे बंद लाइनच ना?” साइटवरून कंत्राटदार फोनवर विचारत होते. “मग जेसीबी लावतो.”

मी प्रिंट पुढं ओढला. हर्सूलकडून येणाऱ्या नव्या पाइपलाइनचं ड्रॉइंग. आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात साधी तुटक रेषा म्हणजे बंद लाइन. पण त्या जागी जमिनीखालून जुनी दगडी नहर जाते आणि तिचं पाणी अजून चालू आहे.

“जेसीबी लावू नका,” मी म्हणाले.

“मशीन उभं आहे, मॅडम.”

“राहू द्या उभं.”

कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो त्या प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक रेषेला स्टाइल असते. नहरीची स्टाइल आमचे जुने ड्राफ्ट्समन रफिकभाई यांनी बनवली होती: तुटक रेषेच्या दोन तुकड्यांमध्ये एक छोटा गोल. हा गोल ड्रॉइंगमध्ये नसतो, तो वेगळ्या शेप फाईलमधून येतो. नुकतीच आमची शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अशा सगळ्या सामायिक फाइलींचा साठा, नव्या सर्व्हरवर हलवली, त्यात ती फाईल मागं राहिली. ड्रॉइंग उघडताना फाईल सापडत नसल्याचा मेसेज येत होता. सगळे ओके दाबून पुढं जात होते. गोल गेले, तुटक रेषा तेवढी उरली.

“जुन्या सर्व्हरवरून घ्या,” आमचे इंजिनिअर सर म्हणाले.

“तो पुसून टाकलाय, सर.”

“मग रफिकभाईंना विचारा. मी साइट थांबवतो.”

रफिकभाई रिटायर होऊन शहागंजला घरीच असतात. फोन केला, तर रिक्षा करून आलेच. आम्ही दोघं ट्रेसिंग पेपरच्या काळातले. शाईचा डाग पडला की ते ब्लेडनं इतकं हळू खरवडायचे की कागदाला कळायचंसुद्धा नाही. तेव्हा नहरीचे गोल ते हातानं काढायचे, तेही गुणगुणत. दुपारी ते गुणगुणणं थांबलं की आम्ही समजायचो, आज शाई सांडली.

“ताई, आता डोळे काम नाय करत,” ते माझ्या शेजारी बसत म्हणाले. “मी आकडे सांगतो, तुम्ही टाका.”

शेप म्हणजे आकड्यांत लिहिलेली आकृती. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. पहिला गोल भलताच मोठा आला.

“लई मोठा झाला. विहीर दिसायली,” ते हसले.

दुसऱ्यांदा जमलं. स्क्रीनवर सगळ्या रेषेभर गोल उमटले. रफिकभाई चष्मा काढून, अगदी जवळ जाऊन बघत राहिले.

“आमच्या हौदात याच नहरीचं पाणी यायचं,” ते म्हणाले. “अम्मी रमजानात त्याचंच सरबत करायची.”

खूप वर्षांनी आम्ही असे एका ड्रॉइंगवर वाकून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मजुरांनी हातानं खोदलं. दगडी छत लागलं, आत पाणी वाहत होतं. सरांनी पाइप नहरीच्या खालून घ्यायला लावला. काम लांबलं, कंत्राटदार कुरकुरले, नहर शाबूत राहिली.

ड्रॉइंग उघडलं म्हणजे ते पूर्ण उघडलं, असं नसतं. लायब्ररी हलवली की आता आम्ही जुना प्रिंट शेजारी ठेवून बघतो, मगच जुना सर्व्हर पुसतो.