गुलाबमावशीचे केसाळ हात

गुलाबमावशीच्या दोन्ही हातांवर एखाद्या गड्यासारखे दाट काळे केस होते आणि तिला त्याची काडीचीही लाज नव्हती. नाशकात त्वचेच्या दवाखान्यात कोडावर उपचाराचा लाइट घ्यायच्या रांगेत ती माझ्या शेजारी बसायची, पदर खोचून, बाह्या वर सारून. मखमलाबादकडे तिचा गुलाबाचा मळा. कोडाचे पांढरे चट्टे दोघींच्याही हातांवर. तिचे मनगटापासून कोपरापर्यंत, माझे बोटांपासून मनगटापर्यंत. पण मी मेंदी काढणारी. नवरीच्या आईची नजर आधी माझ्या हातांवर पडायची आणि संध्याकाळी फोन यायचा, "ताई, आम्ही दुसरीला सांगितलंय."

दोन-तीन महिन्यांत मावशीच्या चट्ट्यात केसाकेसाभोवती तपकिरी ठिपके उगवले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, रंग तयार करणाऱ्या मूळपेशी केसाच्या मुळाशी दडलेल्या असतात. लाइटनं त्या जाग्या होतात, वर सरकतात आणि कातडी पुन्हा रंगवतात. माझ्या चट्ट्यातले केसच पांढरे पडलेले. "तिथला साठा संपलाय," त्या म्हणाल्या. मावशी मात्र भेटेल त्याला हात दाखवायची. "बघा, मूळ जितं हाय तवर फुटवा येतोच!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. हिला कशाला हवाय रंग? काट्याकुट्यांत कोण बघतंय हिचे हात? देवा, थांबव हिचं, असं एकदा मनात आलं. आलं कसलं, मी चक्क मागितलं.

ठिपके वाढत वाढत एकमेकांना भिडले आणि तिचं येणं बंद झालं. सुटले बाई, असं वाटलं मला. पंधरा दिवसांनी बघते तर ही पुन्हा हजर! मला दंडाला धरून थेट डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

"माझ्या केसांची मुळं काढा अन् हिच्या हातात बसवा. आम्ही जंगली गुलाबाच्या खोडात चांगल्या गुलाबाचा डोळा भरतो ना, तसं. माझ्याकडं लय हायेत."

बाई हसल्या नाहीत. "मावशी, दुसऱ्याची मुळं आपल्या अंगात धरत नाहीत. हिच्याच डोक्यातले केस मुळासकट काढून लावून बघता येतील."

"मंग इतके दिवस बोलला का नाय?" मावशीनं त्यांनाच झापलं. मी मान खाली घालून बसले होते.

केस लावले. काही महिन्यांनी त्यातल्या एकाभोवती मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसला. मी स्कूटी काढली आणि मळा गाठला. मावशी फुलांच्या जुड्या बांधत होती. तिनं माझा हात उन्हात धरला, "आलं गं बाई, आलं!" म्हणत ठिपक्यावरून अंगठा फिरवला. तेवढ्यात मला तिचं मनगट दिसलं. पुन्हा पांढरं. या वेळी केसांसकट.

"हां, उलटलं," ती म्हणाली. "आता मी जळते बघ तुझ्यावर!" आणि मोठ्यानं हसली.

खरं सांगते, वाईट वाटलंच. पण त्याच्या आधी, क्षणभर, मला बरं वाटलं. तोंडावर उमटलंही असणार, कारण मावशीचं हसू थांबलं. तिनं माझा हात सोडला आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

मळ्याकडे मी परत गेले नाही. आता हातांचा रंग बराचसा भरून आलाय, लग्नसराईत उसंत नसते. मेंदी काढता काढता उरलेले चट्टे बघून एखादी नवरी विचारते, "ताई, कुणामुळे बरं झालं हो?"

मी डॉक्टरीणबाईंचं नाव सांगते.