बुडाकडून तोडलेली संख्या

दुसऱ्या वर्षाला गणित हाच मुख्य विषय घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे बरोबर की चूक, हे विचारायला कोणी नव्हतं. सर म्हणाले, "मार्क जेमतेम आहेत तुझे. एखाद्या मोठ्या संख्येवर वर्गात बोलून दाखव, मग ठरवू."

मी ७३९३९१३३ घेतली. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. नवल असं, की तिचा एकेक अंक तोडत गेलं तरी उरलेली संख्या मूळच राहते, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. हे वाचताना मला ऊस दिसला. कितीही कांड्या तोडा, उरतो तो ऊसच. आईवडील दर वर्षी पारनेरहून तोडीला जातात, लहानपणी मीही फडातच असायचे. अंक कोणत्या बाजूने तोडायचे, तेही वाचलं असेन. डोक्यात राहिलं नाही.

फळ्यावर संख्या लिहिली आणि हात आपोआप डावीकडे गेला. सात पुसला, मग तीन, मग नऊ. दर वेळी "हीसुद्धा मूळ" असं म्हणत होते. असं पुसत पुसत १३३ उरले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस!"

वर्ग हसला. मला वाटलं, गेलं आपलं गणित.

"डावीकडून का तोडलीस?" सरांनी विचारलं.

"सर, ऊस बुडातूनच तोडतात. खुंट राहिला तर मुकादम ओरडतो."

"सर, हिला खडू नको, कोयता द्या!" तोच मुलगा.

सर हसले नाहीत. "आता शेंड्याकडून तोड."

मी संख्या पुन्हा लिहिली आणि उजवीकडून पुसत गेले. ७३९३, ७३९, ७३. शेवटी सात. या वेळी कोणालाच पाढा सापडला नाही.

"मग बुडाकडून का जमत नाही?"

"माहीत नाही, सर."

"तपासलं की जमत नाही एवढं दिसतं. पण का, ते मलाही सांगता येणार नाही," सर म्हणाले. "ते शोधायला घे गणित."

बाहेर येऊन आईला फोन लावला. तिच्या मागे उसाचा ट्रॅक्टर धडधडत होता.

"मिळालं का गं तुजं गनित?"

"मिळालं."

"मंग रडती कशाला?"

मी तिला सगळं सांगितलं.

"सरला बी ठावं न्हाई? मंग तितं शिकनार काय तू?"

"सरांनाही ठाऊक नाही, तेच," मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही. खरं तर मलाही.