हवालदारांचा कोरा हात

हात कोरा होता. फौजेतले माजी हवालदार मान्यांच्या हातावर मी शेंगदाणा, काजू, तीळ, कोळंबी अशा अर्कांचे थेंब ठेवून सुईनं हलकं टोचलं होतं. पाव तास झाला तरी एकही गांधी उठली नाही.

"म्हंजे समदं खायाला मोकळा?" मान्यांनी कडक इस्त्रीची बाही खाली ओढली.

रहिमतपूरला पुतण्याच्या साखरपुड्यात जेवताना त्यांच्या अंगभर गांधी आल्या, घसा आवळला, बीपी पडलं. दवाखाना शेजारीच होता म्हणून वाचले. पुढच्या पंगतीशेजारी असेलच असं नाही.

मी 'बिनधास्त जेवा' म्हणणारच होतो. कोरेगावात मी ॲलर्जीचा तज्ज्ञ. घरी मात्र शिंका आल्या की बायको मेडिकलवाल्याला विचारते.

तेवढ्यात शेवटच्या थेंबाकडे लक्ष गेलं. तो नुसत्या हिस्टामिनचा. आपल्या कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, रक्तात त्यांच्या चुलतबहिणी बेसोफिल. दोघींच्या पोटात हिस्टामिन. नको ती वस्तू भेटली की त्या ते बाहेर ओततात आणि गांधी उठते. मग थेट हिस्टामिन टोचल्यावर तर उठायलाच हवी. इथं तीही नाही.

बाटली खराब असेल म्हणून मी स्वतःच्या हातावर टोचून पाहिलं. टम्म गांधी उठली.

"माने, खाजेची गोळी घेतलीत? आठवडाभर बंद ठेवा म्हणालो होतो. तुम्ही 'यस सर' म्हणालात."

"न्हाई घेतली."

"आवं, खोटं कशाला बोलताय?" त्यांच्या मंडळी म्हणाल्या. "सकाळीच गिळली की!"

"तू गप गं. डॉक्टर, मेडिकल तपासणीला अंगावर डाग घिऊन कसं यायचं? भरतीपास्नं सवय हाय, डॉक्टरसमोर फिट दिसायचं."

गोळी मास्ट सेलना अडवत नाही. त्यांनी ओतलेल्या हिस्टामिनला कातडीवर काम करू देत नाही. त्यामुळे आमची तपासणी आंधळी होते.

"आठवडाभर गोळी नाही. खाजवत या."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

आठवड्यानं आले ते मान खाजवत, चेहरा कोर्ट मार्शलला निघाल्यासारखा. या वेळी हिस्टामिनची गांधी उठली. काजूची तिच्याहून मोठी. बाकी हात कोरा. मंडळींनी साखरपुड्याच्या आचाऱ्याला फोन लावला. पनीरच्या रश्श्यात काजूची पेस्ट होती.

"शेंगदाणा चालंल न्हवं?" मान्यांनी आधी तेवढंच विचारलं.

"चालेल. काजू जन्मात नाही. आणि हे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कायम खिशात. पुन्हा तसं झालं की लगेच मांडीत टोचायचं."

"यस सर."

मी मंडळींकडे पाहिलं. त्यांनी इंजेक्शन स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

डॉक्टरकडे येताना आजार सोबत आणावा. तो घरी ठेवून आलात तर आम्हाला तपासायला फक्त इस्त्री उरते.