मालूच्या पोटातली गोष्ट

आमच्या बिल्डिंगखाली मालूचं पार्लर आहे. मालू जन्मापासून बहिरी, म्हणून बायका तिच्यासमोर सासूसुनांचं सगळं बिनधास्त ओकतात. खुळ्या कुठल्या! कोण कुणावर जळतं, हे ही पोरगी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखते. एखादी बातमी माझ्या हातून निसटली, तर मी तिलाच जाऊन विचारते. खुणांच्या भाषेत तिने माझं नावही ठेवलंय: दाराला लावलेला कान. घ्या!

ही समज काही उपजत नव्हती. लहानपणी कुणी चिडवलं तर ती हसायची, कुणी रडलं तर नुसती बघत राहायची. घरात खुणा येत होत्या कुणाला? मग धाकटा निकेश झाला, तोही बहिरा. आई मनिषाने कपाळ बडवून घेतलं. पण मालू शाळेत खुणा शिकली, त्यालाही शिकवल्या, थोड्याफार आईलाही, आणि घरात भावंडांचं महाभारत सुरू झालं. तो बिस्किटं लपवायचा, ती शोधायची. ती थापा मारायची, तो पकडायचा.

मनिषा जेरीस आली. नवरा शिवा ट्रेलरवर ड्रायव्हर, न्हावा-शेवा बंदरातून माल घेऊन चार-चार दिवस बाहेर. तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हटलं, "निकेशला हॉस्टेलात टाक गं. वेगळी झाली की सुधारतील दोघं."

तिने ऐकलं. रडारड नको म्हणून सात वर्षांच्या निकेशला सांगितलं, मामाकडे उरणला जायचंय. निघायच्या सकाळी मी वर गेले, तर बारा वर्षांची मालू दारात आडवी. हॉस्टेलचा फॉर्म तिने वाचला होता. हात नुसते सपासप चालले होते.

"काय म्हणते गं?" मी मनिषाला विचारलं.

"म्हनते, त्याची बॅग बघ."

कपड्यांवर त्याने खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची दोरी ठेवली होती.

मनिषा अडखळत पुढचं सांगू लागली, "म्हनते, हॉस्टेल तुला ठाऊक, मला ठाऊक. त्याला नाय. त्याच्या डोक्यात उरणची खाडी हाय. असा फसवून सोडलास, तर तो तुझ्या हातांवर परत भरवसा ठेवनार नाय."

आदल्याच संध्याकाळी याच भावाच्या झिंज्या उपटल्या होत्या हिने!

मनिषाने बॅगेतली दोरी हातात घेतली. "काकी, हिला दुसऱ्याच्या मनातलं कळत नाय म्हनायचो ना आमी?"

त्या दिवशी दोघांना घेऊन ती खरंच उरणला गेली. हॉस्टेलचं पुन्हा नाव नाही.

निकेश आता सतरा वर्षांचा आहे. जिन्यात दिसले की माझी पिशवी उचलून वर नेतो. ते हॉस्टेल कुणाच्या डोक्यातून निघालं, हे मालूला पक्कं ठाऊक आहे. भांडणात दोघं एकमेकांचं काही शिल्लक ठेवत नाहीत, पण तेवढं तिने त्याला आजवर सांगितलेलं नाही. थोड्या खुणा आता मलाही येतात. परवा विचारलंच, का गं नाही सांगितलंस?

तिने हात पुसले आणि खुणेने म्हणाली, "तुमची पिशवी मग कोण उचलेल?"

उपकार आहेत पोरीचे.