वितीने मोजलेला एप्रन

शिवणाच्या तासाला कुमुद माझ्या शेजारी बसायची. नववीत आम्हाला लॅबसाठी एप्रन शिवायचा होता, पूर्ण बाह्यांचा, पाठीमागे नाड्यांचा. घंटा झाली, कुमुद उठली... आणि एप्रनही उठला. आमच्या कुमुदबाईसाहेबांनी तो स्वतःच्या स्कर्टलाच शिवला होता! शिवण शिकवणाऱ्या सिस्टरसुद्धा तोंडावर हात ठेवून हसल्या.

मुरगूडच्या शेतकऱ्याची ही मुलगी पुढे नर्स झाली. साठीला आली तरी ती येमेनमधल्या एका दवाखान्यात आहे. आधीच युद्ध, त्यात आता कोरोना... वॉर्डात पाच नर्स आणि गाऊन दोनच. ज्यांना गाऊन मिळत नाही, त्या साध्या कपड्यांत पेशंट उचलतात. सहावी होती, ती मागच्या महिन्यात कोरोनानेच गेली.

आम्ही वर्गमैत्रिणींनी मदत गोळा केली. आठ दिवसांत माझा हॉल मास्क, साबण आणि चादरींनी भरला. मी मोठ्या उत्साहाने तिला कळवलं, तर तिचा व्हॉइस मेसेज आला.

"बाई गं, पार्सल यायचं न्हाय, विमानतळ बंद हाय. हितं चादरी हायत, निर्वासितांच्या छावणीतल्या बायका शिवत्यात. आपल्या त्या एप्रनचं कापायचं कसं तेवढं सांग की!"

माळ्यावरून शिवणाची वही काढली. कटिंगचा फोटो पाठवला, तो तिकडे उघडेना. टेपही नव्हता म्हणे. मग मी फरशीवर चादर पसरली आणि फोनमध्ये बोलत वितीने मोजत गेले... खांदा दोन विती, बाही तीन, उंची सहा... माप चुकलं तर तिची चादर वाया जाणार, म्हणून प्रत्येक आकडा दोनदा सांगितला.

काल तिचा फोटो आला. पाच नर्स, फुलाफुलांच्या चादरींचे पाच गाऊन. कुमुद मुद्दाम पाठमोरी उभी, नाड्या दाखवत. खाली लिहिलं होतं, "बघ, ह्या टायमाला स्कर्ट सुटा हाय!"

एवढ्या सगळ्यात हिला हसू येतं कुठून... मी फोटो कितीदा तरी उघडून पाहिला.

तर मैत्रिणींनो, हॉलमधले मास्क आपल्या सरकारी दवाखान्यात द्या. साबण मुरगूडला, कुमुदच्या भावाकडे. तो गावात वाटेल. चादरी माझ्याकडेच राहू देत, विमानं सुरू झाली की त्या तिच्या.

आणि शिवणाची वही कुणी मागू नका. ती आता कुमुदची. न्यायला तिने स्वतः यायचं आहे.